विराटवाल्यांच्या यादीत नाव नोंदवलं



दहा-अकरा दिवस इथं नोंद पडली नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, आल्याची लागण राहिली का. राहिली नाही. अक्षय तृतीयेच्या आधीच उरकली. माहीमचंच बेणं, साडेचार फुटी बेड, ड्रिपच्या दोन नळ्या. मी नव्हतो तेव्हा पोरानं पाणी बरोबर दिलंय, फोटो उद्या टाकतो. मी १२ मे ला मुंबईत होतो आणि तिथनं परस्पर परभणी जिल्ह्यात गेलो. का गेलो ते आज लिहितो. शेतीचं यात कमी आहे, पण आहे.

जुन्या वाचकांना माहीत आहे की दहावी झाल्यावर मी नेव्हीत भरती झालो आणि पंधरा वर्षं काढून २००४ ला पेन्शन घेऊन रानात आलो. आमच्या खटाव तालुक्यात फौजेचं कुणाला नवल नाही. सातारा जिल्हाच फौजींचा. मिलिटरी अपशिंगे तर नावातच मिलिटरी घेऊन बसलंय. पण इथं फौजी म्हणजे पायदळ, आणि पायदळ म्हणजे बहुतेक मराठा लाइट इन्फंट्री. बेळगावला ट्रेनिंग, एकाच पलटणीत आजूबाजूच्या दहा गावांची पोरं. रिटायर होऊन आली की सगळी परत त्याच दहा गावांत. आठवडी बाजारात भेटतात, एकमेकांच्या पोरीबाळींच्या लग्नात भेटतात. एखादा गेला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पलटणीला कळतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलाच कुणीतरी सुभेदार त्याच्या बायकोचे कागद घेऊन साताऱ्याला निघतो.

नेव्हीचं तसं नाही. बोटीवर एका मेसमध्ये केरळचा, हरियाणाचा, बिहारचा, आंध्रचा आणि मी. दोन-तीन वर्षं एकत्र झोपायचं, जेवायचं, घाम गाळायचा, आणि मग बदली. एक विशाखापट्टणमला, एक कोचीला, एक मुंबईला. रिटायर झालं की ज्याचं त्याचं गाव. माझ्या तालुक्यात माझ्या बोटीवर काम केलेला एकही माणूस मला वीस वर्षांत भेटला नाही.

बोट म्हणजे आयएनएस विराट. विमानवाहू. मी तिच्यावर १९९५ ते १९९८ होतो. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: लांबी २२६ मीटर, वजन भरल्यावर साधारण २८,७०० टन, पुढच्या टोकाला विमानं उडवण्यासाठी १२ अंशांचा चढ. विमानवाले धरून दीड हजाराच्या आसपास माणसं, म्हणजे आमच्या वाडीपेक्षा मोठं गाव. मुळात ती इंग्रजांची. १९५९ ला हर्मिस नावानं त्यांच्या नेव्हीत आली, १९८२ च्या फॉकलंडच्या लढाईत त्यांच्या ताफ्याची प्रमुख बोट होती. आपण घेतली आणि १२ मे १९८७ ला ती विराट झाली. ब्रीद होतं ‘जलमेव यस्य, बलमेव तस्य’. ज्याच्याकडं पाणी त्याच्याकडं बळ. हे आमच्या दुष्काळी भागातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

मी वर कधी नसायचो. वर विमानं, सी हॅरियर, त्यांचे पायलट, फोटो काढणारे. आम्ही स्टोकर, खाली. चार बॉयलर, त्यांची वाफ टर्बाइनला, टर्बाइनवर दोन पंखे. सगळी मिळून ७६,००० हॉर्सपॉवर. ४५ एचपीचा ट्रॅक्टर धरला तर सतराशेच्या आसपास ट्रॅक्टर एका वेळी चालू आहेत असं समजा, आणि तुम्ही त्यांच्या बॉनेटमध्ये उभे आहात. नंतर मे महिन्यातल्या आमच्याकडच्या उन्हाला मी कधी नावं ठेवली नाहीत ती त्यामुळंच.

चार-चार तासांचे वॉच असायचे. रात्री बारा ते पहाटे चार तो मिडल वॉच, सगळ्यांचा नावडता. आता शेतीची लाईट रात्री बाराला येते आणि मी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतो, तेव्हा बायको म्हणते, “निघाले वॉचला.” तिला चेष्टा वाटते, मला खरंच तसंच वाटतं.

या मिडल वॉचला माझा जोडीदार होता परभणी जिल्ह्यातला, जिंतूर तालुक्यातला. बोटीवर माणसाला गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत. तो ‘परभणी’, मी ‘सातारा’. त्याचं काम फीड वॉटर तपासायचं. बॉयलरला पाणी लागतं ते एकदम शुद्ध. समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून गोडं पाणी बोटीवरच करतात. टर्बाइनमधनं निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन परत बॉयलरला जाते. कंडेन्सरच्या नळ्यांतनं समुद्राचं पाणी फिरत असतं. त्यातली एक नळी जरी बारीक गळाली तरी मीठ बॉयलरमध्ये शिरतं आणि आतल्या ट्यूबा खायला लागतं. म्हणून नमुना घ्यायचा, काचेच्या नळीत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. मीठ असलं की पाणी दुधाळ होतं. परभणी ती नळी दिव्यासमोर धरून असा बघायचा की जणू सोनाराकडं दागिना आलाय. म्हणायचा, “सातारा, आमच्या विहिरीचं पाणी असं तपासलं असतं तर बापानं तिथं मोसंबी लावलीच नसती.”

दर तासाला रीडिंग घेऊन लॉगमध्ये लिहायचं. वाफेचं प्रेशर, गेज ग्लासमधली पाण्याची पातळी, तेलाचं तापमान, सही. पाणी कमी झालं तर ट्यूबा जळतात, जास्त झालं तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जातं आणि त्याची पाती मोडतात. त्यामुळं “बघितलं होतं” चालत नाही, लिहिलेलं लागतं. ती सवय अंगात राहिली. तुम्ही इथं माझ्या नोंदवहीचे फोटो बघता, ड्रिपच्या फिल्टरच्या आधीचं प्रेशर, नंतरचं प्रेशर, वेळ, सही. कृषी विद्यापीठातल्या एका साहेबांनी मागं विचारलं होतं, ही पद्धत कुठल्या प्रशिक्षणात शिकवली. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर शिकवली, साहेब.

आता संघटनेचं.

दोन वर्षांमागं जानेवारीत एक फोन आला. मालवणकडचा माणूस. म्हणाला, “तुमची नोंदवही बघितली. हे लॉग स्टोकरनंच लिहिलेले असणार. कुठल्या शिपवर होतात?” मी विराट म्हटल्यावर पलीकडनं एकदम बोटीवरची हिंदी सुरू झाली. तो फ्लाइट डेकवर होता, माझ्या नंतरच्या काळात. विराटवर काम केलेल्या माणसांची एक संघटना चालवतात, तिच्यात नाव नोंदवा म्हणाला.

माझं पहिलं उत्तर होतं, बघू. संघटना या शब्दाला मी जरा बिचकून असतो. तुम्हीही असाल. आपल्या भागात कागदावरच्या शेतकरी कंपन्या किती आणि माल विकणाऱ्या किती, हे तुम्हाला सांगायला नको. सत्कार, हार, फोटो, आणि वर्षाच्या शेवटी हिशेब विचारला की अध्यक्षांचा फोन बंद. घरी बोललो तर बायको म्हणाली, “बोट मोडून भंगारात गेली, आता तिची संघटना कसली?”

बरोबरच होतं तिचं. विराट ६ मार्च २०१७ ला मुंबईत निवृत्त झाली. तीस वर्षांत आपल्याकडं ती २,२५० दिवस समुद्रात होती, पावणेसहा लाखांच्या वर सागरी मैल चालली. मधे २०१८ ला राज्याच्या मंत्रिमंडळानं तिचं संग्रहालय करायचं ठरवलं होतं, सिंधुदुर्गात निवतीजवळ, ८५२ कोटींचा प्रकल्प. ते झालं नाही. २०२० च्या सप्टेंबरात तिला ओढत गुजरातमध्ये अलंगला नेली आणि तिथं किनाऱ्यावर चढवली. अलंगच्या लोखंडाच्या सळ्या होतात. कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये गेली असेल ती. मला त्याचं फार रडू आलं नाही, खरं सांगतो. जुनं लोखंड वितळून कामाला लागतं हे बघतच मी जगलोय. पण पायदळातल्या माणसाची पलटण राहते, तिचं केंद्र राहतं, तिथं जाऊन तो सांगू शकतो की मी इथला. आमचं सांगायला ठिकाणच राहिलं नाही.

मालवणच्या माणसानं दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा वर्गणीचं काही बोलला नाही. त्यानं विचारलं, “तुमच्या वॉचचे कोण कोण आठवतात? नाव, गाव, जे आठवेल ते.” मी रानात होतो, कांद्याच्या बांधावर बसलो आणि सांगत गेलो. अकरा जण आठवले. काहींची पूर्ण नावं, काहींचं नुसतं गाव. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, “यातले तीन आमच्याकडं आहेत. आठ नाहीत. आता त्यांना शोधू.” तेव्हा मला कळलं की हे लोक काय करताहेत. यांना माणसं हवी होती. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म मागवला.

फॉर्म एक पानाचा. नाव, सर्व्हिस नंबर, ब्रँच, बोटीवर कधीपासून कधीपर्यंत, निघताना हुद्दा, रक्तगट, गाव-तालुका-जिल्हा. इथपर्यंत ठीक. खाली दोन रकाने असे होते की मी पेन खाली ठेवून परत वाचले. ‘पत्नीचं नाव, पेन्शनच्या कागदावर आहे तसं’. आणि त्याखाली, ‘पत्नीचं नाव, आधारवर आहे तसं’. मी ट्रंकेतनं पीपीओ काढला आणि शेजारी तिचं आधार ठेवलं. एका अक्षराचा फरक होता. ऱ्हस्व-दीर्घाचा नाही, इंग्रजी स्पेलिंगचा. तो पुढच्या महिन्यात दुरुस्त करून घेतला.

आठांपैकी सगळ्यात आधी मला परभणी हवा होता. १९९८ ला तो विशाखापट्टणमला गेला, मी कोचीला. दोन पत्रं त्याची आली, दोन माझी गेली, मग दोघांचेही पत्ते बदलले. तेव्हा हातात मोबाईल नव्हते. मला त्याचं गाव माहीत नव्हतं, जिंतूर तालुका एवढंच. संघटनेतल्या एकानं त्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारलं. माजी सैनिकांची नोंद तिथं असते. पंधरा दिवसांत गाव कळलं, आणि हेही कळलं की २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला.

तीन वर्षं झाली होती. आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं.

मी गेलो. पुण्याहून नांदेडच्या गाडीनं परभणी, तिथनं जिंतूरची एसटी, पुढं सहा आसनी. गावात विचारलं तर पोरं म्हणाली, “बोटीवाल्याचं घर का?” घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड. वहिनी शेतातनं आल्या, डोक्यावर तुरीच्या काड्यांचा भारा. मी सांगितलं, मी सातारा. त्या भारा तसाच डोक्यावर ठेवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, तुमचं नाव लई घ्यायचे. रातच्या डुटीचे.”

चहा झाला, बोलणं झालं. पोरगा चाकणला कंपनीत कंत्राटी. पोरगी परभणीला शिकते. तीन एकर रान, सोयाबीन आणि तूर, आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या रानात मजुरी. मला बोलता बोलता खटकलं. पेन्शनवाल्याची बायको मजुरीला का जाते? मी विचारलं, वहिनी, फॅमिली पेन्शन किती येतं?

“येत नाही. मानूस गेलं की पेन्शन बी गेलं, नाही का?”

आधी त्या दोनदा एका बँकेत गेल्या होत्या. खिडकीवरच्यानं कागद बघून सांगितलं, नाव जुळत नाही. कसं जुळत नाही, कुठं जायचं, काही नाही. “दोनदा गेले. मंग सोयाबीन काढायला आलं.”

नाव का जुळत नव्हतं ते तुम्हाला लगेच कळेल, कारण आपल्या घराघरात हे आहे. लग्नात सासरी नाव बदललं होतं. परभणीनं नेव्हीत नोंद केली ती सासरच्या नावानं. आधार काढताना त्यांनी शाळेचा दाखला दिला, त्यावर माहेरचं नाव. एकच बाई, दोन नावं, आणि सरकारच्या हिशेबी दोन बायका, त्यातली एक त्याची बायको आणि दुसरी खातेदार.

मी त्यांची ट्रंक उघडायला लावली. काळी, लोखंडी, वर पांढऱ्या रंगात सर्व्हिस नंबर. माझीही तशीच आहे. आत त्याचं डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांचा जोडीनं काढलेला फोटो, आणि लग्नानंतर त्यानं बायकोचं नाव लावण्यासाठी बोटीवरनं भरलेल्या जेनफॉर्मची प्रत. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी घालून, तारखेप्रमाणं. फीड वॉटर तपासणारा माणूस होता तो. कागद त्यानं चोख ठेवले होते. तो गेल्यावर ते कुठल्या दारात न्यायचे हे सांगायला घरात कुणी नव्हतं, एवढंच.

फॅमिली पेन्शन म्हणजे काय हे अजूनही कित्येकांना माहीत नसतं म्हणून लिहितो. पेन्शनर वारला की त्याच्या पत्नीला पेन्शन सुरू होतं. शेवटच्या पगाराच्या हिशेबानं साधारण ३० टक्के, पण ९,००० रुपयांपेक्षा कमी नाही, त्यावर महागाई भत्ता वेगळा. काही ठिकाणी पहिली काही वर्षं वाढीव दरानंही मिळतं. आणि उशिरा अर्ज केला म्हणून मधली वर्षं बुडत नाहीत, माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात. शिवाय माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतनं दवाखाना. हे उपकार नाहीत. पंधरा वर्षं त्यानं त्या उष्णतेत उभं राहून कमावलेलं आहे.

पुढचं काम मी केलं नाही, संघटनेनं केलं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, नाव बदलाची राजपत्रातली नोंद, मृत्यूचा दाखला, जोडीचा फोटो, जेनफॉर्मची प्रत, सगळं सैनिक कल्याण कार्यालयातनं पुढं गेलं. मानखुर्दला नेव्हीच्या खलाशांचं रेकॉर्ड असतं. तिथं आमचा एक माणूस, बोटीवर स्वयंपाकी होता, आता नवी मुंबईत राहतो, तो स्वतः चार वेळा गेला. संरक्षण खात्याचं पेन्शन आता ‘स्पर्श’ नावाच्या यंत्रणेवर गेलंय, तिथं वहिनींचं खातं काढण्यात एक महिना गेला, कारण अंगठा उमटेना. खुरप्यानं घासलेला अंगठा. शेवटी डोळ्याचं स्कॅन घेतलं. सात महिने लागले सगळ्याला. सप्टेंबरात मागच्या वर्षांच्या फरकासह पैसे जमा झाले. किती ते त्यांचं त्यांना माहीत, मी इथं लिहीत नाही. पोरीनं मला फोन केला, “काका, आईनं मजुरी सोडली.” मागनं वहिनींचा आवाज, “सोडली नाही म्हनावं, कमी केली.”

या १२ मे ला मुंबईत आम्ही जमलो. बोट विराट झाली तो दिवस. पन्नासेक माणसं असतील. अर्ध्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं हॉलमध्ये इंजिनरूमसारखाच आरडाओरडा. ऑफिसर आणि आम्ही एकाच टेबलावर. एका निवृत्त कमांडर साहेबांनी स्वतः उठून मला पाणी दिलं तर मी सवयीनं उभाच राहिलो. जेवण झालं, खजिनदारानं पै-पैचा हिशेब वाचला, मला तिथंच बरं वाटलं. मग वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली. प्रत्येक नावापुढं गाव, आणि पुढं ‘फॅमिली पेन्शन चालू’ किंवा ‘चालू नाही’. चालू नाही असं दोनांच्या पुढं होतं. एक बिहारचा, एक आपल्या धुळ्याकडचा. ते कुणी बघायचे ते तिथंच ठरलं.

एका मुद्द्यावर वाद झाला, आणि तो मीच काढला. सगळ्यांना बोटीचं चित्र असलेली लाकडी ढाल द्यायची असं ठरत होतं. मी म्हटलं, त्या पैशात दहा जणांचा प्रवासखर्च निघतो, जे गावोगाव जाऊन ट्रंका उघडतील. कमांडर साहेब म्हणाले, “ढाल भिंतीवर असली की घरच्यांना कळतं की माणूस कुठल्या बोटीचा. तुमच्या परभणीच्या घरात ती असती तर पोरानं मागचा फोन नंबर बघून आपल्याला कळवलं असतं.” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण खर्च मला अजूनही जास्तच वाटतो. शेवटी ढाल लहान करायची, आणि मागं मोठ्या अक्षरात संपर्काचे नंबर आणि पीपीओ नंबरची जागा, असं ठरलं.

या पानावर बरेच माजी सैनिक आहेत, काही नेव्हीचे, आणि काहींच्या घरातला माणूस आता नाही. तुमची काळी ट्रंक एकदा उघडा. पीपीओवरचं बायकोचं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी शेजारी ठेवून अक्षर अक्षर बघा. फरक असेल तर माणूस हयात असतानाच दुरुस्त होतो, सही त्याची लागते आणि काम सोपं असतं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाल तेव्हा बायकोला बरोबर न्या, तिला ऑफिस दाखवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय बऱ्याच जिल्ह्यांत आहे. आणि तुम्ही विराटवर होता तर मला कळवा. त्या अकरांपैकी चार अजून सापडायचे आहेत, एक वाईचा आहे, तो हे वाचत असेल अशी मला आशा आहे.

मुंबईहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं परभणीला गेलो ते वहिनींच्या रानासाठी. फरकाच्या पैशातनं त्यांनी विहिरीतला गाळ काढलाय आणि पाइपलाइन केलीय. रान भारी काळं, खोल, पाऊस झाला की पाणी धरून ठेवणारं. गेल्या साली दोन वेळा सोयाबीन पाण्यात बसलं म्हणाल्या. यंदा रुंद वरंबा सरीवर पेरा म्हटलं, बीबीएफ यंत्र शेजारच्या गावात भाड्यानं मिळतं, ते ठरवून आलो. बियाणं परभणी विद्यापीठाचं एमएयूएस ६१२ घ्यायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं, मला सांगायची गरज पडली नाही. घरचं मागच्या वर्षीचं बी ठेवलंय त्याची उगवण गोणपाटावर शंभर दाणे ठेवून बघायला सांगितलीय. सत्तरच्या वर आली तर तेही चालेल.

एका एकरात त्यांना ड्रिपवर हळद करायची आहे. विहिरीच्या कडेला दगडावर पांढरा थर बसलेला दिसला. मोसंबी न आलेली विहीर हीच. म्हटलं, आधी पाणी तपासू. येताना बाटली तीनदा त्याच पाण्यानं विसळून, काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून घेऊन आलो. काल प्रयोगशाळेत दिलीय. सामू, ईसी, क्लोराईड, बायकार्बोनेट, चारही सांगितलेत. अहवाल आला की आकडे इथं टाकतो. हळदीला ते पाणी चालेल का, आणि नळ्यांना आम्ल किती दिवसांनी द्यावं लागेल, हे जाणकारांनी तेव्हा सांगावं. वहिनी बेण्यासाठी थांबल्यात.